डीपॉल विद्यापीठ, शिकागो: नव्याने जाणाऱ्यांसाठी वाटाड्या

डीपॉलला शिकायला जाणाऱ्याने दोन गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात: दहा आठवड्यांचं क्वार्टर, म्हणजे इथलं सत्र, आणि शिकागोची रेड लाइन ही शहरी रेल्वे. पहिल्या वर्षी होणारे बहुतेक घोटाळे यातल्या एकीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच होतात. खोली चुकीच्या भागात घेतली जाते, कोर्स सोडायची तारीख हातातून जाते, इंटर्नशिपच्या तारखा जुळत नाहीत. म्हणून पुढच्या पायऱ्या वाचताना या दोन गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवा.

आधी विद्यापीठ कोणतं, ते ओळखा

डीपॉलची स्थापना १८९८ साली झाली. व्हिन्सेंशियन संघाच्या धर्मगुरूंनी शिकागोच्या उत्तर भागात सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज काढलं आणि १९०७ मध्ये त्याचं डीपॉल विद्यापीठ झालं. हे नाव सतराव्या शतकातल्या फ्रान्समधले धर्मगुरू संत व्हिन्सेंट दी पॉल यांचं. गोरगरिबांची, आजाऱ्यांची, अनाथ मुलांची सेवा ही त्यांची ओळख. विद्यापीठ काढण्यामागचा हेतूही शहरात नव्याने आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुलं शिकावीत हाच होता. १९११ मध्ये इथे स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्या काळच्या कॅथलिक उच्चशिक्षणात हे फार लवकर उचललेलं पाऊल होतं. आज विद्यार्थी सुमारे २१,००० आहेत आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कॅथलिक विद्यापीठांमध्ये त्याची गणना होते.

आपल्याकडे कॅथलिक कॉलेज म्हटलं की मुंबईचं सेंट झेवियर्स आठवतं आणि ते जेझुइट या धर्मगुरूंच्या दुसऱ्या संघाचं, म्हणून डीपॉलही जेझुइटांचंच असणार असं धरलं जातं. तसं नाही. शिकागोत जेझुइटांचं विद्यापीठ वेगळं आहे, ते लोयोला. अर्जाच्या निबंधात डीपॉलला जेझुइट म्हणणं किंवा लोयोलाचं वर्णन इकडे चिकटवणं ही चूक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. वसईपासून गोव्यापर्यंत अनेक चर्चांमध्ये सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी काम करते. तिचं आणि या विद्यापीठाचं स्फूर्तिस्थान एकच आहे, पण ती सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेली धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांची संस्था. विद्यापीठ काढणाऱ्या धर्मगुरूंचा संघ निराळा.

कॅथलिक असणं हा प्रवेशाचा निकष नाही. मिस्साला जाणं कुणालाही सक्तीचं नाही. रोजच्या व्यवहारात या वारशाचा अर्थ बराच ठोस आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना धर्मविषयक अभ्यासाचे कोर्स घ्यावे लागतात आणि त्यात हिंदू, बौद्ध, इस्लामी परंपरांवरचे कोर्सही चालतात. सेवाकार्याचे दिवस आखलेले असतात. लिंकन पार्कच्या स्टुडंट सेंटरबाहेर मॉन्सिन्योर जॉन ईगन यांचा पुतळा आहे. शहरातल्या गरिबांच्या घरांसाठी आणि वंशभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेले हे धर्मगुरू. त्यांचा प्रश्न तिथे कोरलेला आहे: न्यायासाठी तुम्ही काय करत आहात? तो पुतळा बघून मग आत जा. विद्यापीठ स्वतःला कुठे उभं समजतं हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळतं.

'खाजगी' या शब्दाचा पैशांच्या बाजूने एक अर्थ आहे. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशाला एक फी आणि बाहेरच्याला दुसरी असते. डीपॉलमध्ये इलिनॉयच्या मुलाला आणि साताऱ्याच्या मुलाला फीचा दर एकच. फरक पडतो तो शिष्यवृत्तीने. त्यामुळे दोन विद्यापीठांची तुलना करताना छापील फी न पाहता शिष्यवृत्ती वजा केल्यावर हातात उरणारा आकडा पाहा. पदवीसाठी १२ ते १८ क्वार्टर-तासांना एकच ठोक फी असते, तर पदव्युत्तरला दर तासाप्रमाणे मोजतात आणि तो दर प्रत्येक कॉलेजचा वेगळा असतो.

दोन कॅम्पस, एक रेल्वे

लिंकन पार्क कॅम्पस शहराच्या उत्तरेला आहे, फुलर्टन स्टेशनला लागून. झाडं, विटांच्या जुन्या इमारती, वसतिगृहं, रिचर्डसन ग्रंथालय, विज्ञान, कला, संगीत आणि नाट्यशाळा हे सगळं इथे. कॅम्पसचा पूर्वेकडचा भाग पूर्वी मॅकॉर्मिक या प्रेस्बिटेरियन पंथाच्या धर्मशिक्षण संस्थेचा होता. ती १९७० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला गेली आणि ती जागा डीपॉलकडे आली. नाट्यशाळेचा वारसा तर विद्यापीठात नंतर आलेला: १९२५ मध्ये सुरू झालेली गुडमन नाट्यशाळा १९७८ मध्ये डीपॉलमध्ये सामील झाली.

लूप कॅम्पस शहराच्या ऐन व्यापारी भागात आहे. जॅक्सन रस्ता, स्टेट आणि वॉबॅश यांच्या चौकांत सगळ्या इमारती. डीपॉल सेंटर हे पूर्वीचं गोल्डब्लॅट्स नावाचं भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर. आता तिथे बिझनेस कॉलेज आणि लूपचं ग्रंथालय आहे. शेजारी लॉ कॉलेज. वॉबॅशवर २४३ क्रमांकाच्या इमारतीत कॉम्प्युटिंग आणि डिजिटल मीडियाचं कॉलेज, सगळे त्याला सीडीएम म्हणतात. भारतातून एमएससाठी येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इथेच असतात. वॉबॅशच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवरची रेल्वे धावते, तिच्या खडखडाटाची सवय आठवड्याभरात होते.

शिकागोचा पत्ता वाचायला पहिल्याच दिवशी शिका. स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य. तिथून ८०० क्रमांक गेले की साधारण एक मैल. फुलर्टन रस्ता २४०० उत्तर, म्हणजे मॅडिसनपासून तीन मैल उत्तरेला. स्टुडंट सेंटरचा पत्ता २२५० उत्तर शेफील्ड. यावरूनच कळतं की ते फुलर्टनच्या थोडं दक्षिणेला आहे. पत्त्यातलं उत्तर-दक्षिण गाळलं तर एकाच रस्त्यावर दोन भलत्याच टोकांना जाल. लूपमध्ये उत्तर वॉबॅश आणि दक्षिण वॉबॅश यांची गल्लत होऊन पहिल्या तासाला उशीर होणारे नवे विद्यार्थी दरवर्षी असतात.

दोन्ही कॅम्पस रेड लाइनवर आहेत. लिंकन पार्कसाठी फुलर्टन, लूपसाठी जॅक्सन. मध्ये नॉर्थ-क्लायबोर्न, क्लार्क-डिव्हिजन, शिकागो, ग्रँड, लेक आणि मनरो ही स्टेशनं. गाडीत बसल्यापासून पंधरा-वीस मिनिटं धरा, चालणं आणि वाट पाहणं मिळून अर्धा तास. रेड लाइन चोवीस तास चालते. फुलर्टनला ब्राउन आणि पर्पल लाइनही थांबतात, पण पर्पल एक्सप्रेस फक्त कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी लूपकडे येते आणि ब्राउन लाइन पहाटेपर्यंत चालत नाही. रात्री नऊला सुटणाऱ्या वर्गानंतर पर्पलची वाट बघत उभं राहू नका.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला यू-पास मिळतो. त्यावर सीटीए या शहर वाहतूक संस्थेच्या बस आणि रेल्वे कितीही वेळा वापरता येतात आणि त्याचं शुल्क फीमध्येच धरलेलं असतं. इथे दोन अडचणी येतात. यू-पास टर्म सुरू झाल्याशिवाय चालू होत नाही आणि टर्म संपली की बंद होतो. त्यामुळे आल्यावरचे पहिले दिवस आणि सुट्ट्या यांसाठी पैसे भरून वापरायचं वेगळं व्हेंट्रा प्रवासकार्ड घ्यावंच लागतं. आणि कोर्स कमी करून पूर्णवेळच्या खाली आलात तर पासचा हक्कही जातो.

क्वार्टर समजून घ्या

डीपॉलचं वर्ष सेमिस्टरमध्ये नाही, क्वार्टरमध्ये मोजतात. ऑटम सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेनंतर सुरू होतं आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतं. विंटर जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, स्प्रिंग मार्चअखेरीपासून जूनपर्यंत. प्रत्येक क्वार्टरला दहा आठवडे शिकवणं आणि मग परीक्षेचा आठवडा. उन्हाळ्याचं क्वार्टर बहुतेकांना ऐच्छिक.

दहा आठवडे म्हणजे काय, ते आपल्या विद्यापीठांची सवय असलेल्याला आधी उमगत नाही. पुणे-मुंबईत सत्राचा पहिला महिना वातावरण समजण्यात गेला तरी चालून जातं. इथे पहिला महिना गेला की जवळजवळ अर्धं क्वार्टर संपलेलं असतं. पाचव्या आठवड्यात मिडटर्म. संध्याकाळचे पदव्युत्तर वर्ग बहुधा आठवड्यातून एकदाच असतात, पावणेसहा ते नऊ, सव्वातीन तासांचे. असा एक वर्ग बुडवला तर कोर्सचा दहावा हिस्सा बुडाला. पहिल्या वर्गातच गृहपाठ मिळतो. आदल्या दिवशी विमानातून उतरलेला विद्यार्थी तो गृहपाठ उशिरा देतो आणि पुढचे तीन आठवडे धावत राहतो.

बहुतेक कोर्स चार क्वार्टर-तासांचे असतात. एक क्वार्टर-तास म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर-तास. पदवीला किमान १९२ क्वार्टर-तास लागतात, म्हणजे सेमिस्टरच्या हिशेबात १२८. सेमिस्टरच्या कॉलेजातून बदलून येणाऱ्यांनी हे गणित कागदावर करावं. उलट दिशेने जाणाऱ्यांचा तोटा होतो: इथला चार तासांचा एक कोर्स तिकडे पावणेतीनच्याही खाली उतरतो आणि तीन तासांची अट असेल तर अपुरा पडतो.

तारखा भिंतीवर लावून ठेवा. कोर्स वाढवण्याची किंवा बदलण्याची मुदत पहिल्या आठवड्याअखेरीस संपते. दंडाशिवाय कोर्स सोडण्याची मुदत दुसऱ्या आठवड्याअखेरीस संपते. त्यानंतर सोडलात तर फी परत मिळत नाही आणि गुणपत्रकावर तशी नोंद राहते. नेमक्या तारखा प्रत्येक क्वार्टरच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत असतात, त्याच प्रमाण माना. कोर्स जमणार की नाही हे ठरवायला हाती दोनच वर्ग असतात. म्हणून रजिस्ट्रेशनच्या आधी जुना अभ्यासक्रम-आराखडा मिळवून वाचणं हा सगळ्यात फायद्याचा उद्योग.

अर्ज ते व्हिसा

अर्ज विद्यापीठाला करत असलात तरी निर्णय त्या-त्या कॉलेजचा असतो. त्यामुळे कागदपत्रांची यादी तुमच्या अभ्यासक्रमाच्या पानावरूनच घ्या, मित्राच्या यादीवरून नको. आपल्याकडच्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट मिळायला आठवडे लागतात. ती अर्ज उघडायच्या आधीच मागवा. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर, गुणपत्रिकेवर आणि पासपोर्टवर एकसारखं आहे का, तेही आताच पाहा. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, आडनाव आधी-नंतर असणं यावरून कागद अडकतात. नंतर अमेरिकेत सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव चालतं. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सप्टेंबरखेरीज जानेवारीत किंवा मार्चअखेरीसही सुरुवात करता येते. निवड असेल तर सप्टेंबरच घ्या. मार्चमध्ये सुरुवात केली तर पहिल्याच उन्हाळ्यात सुट्टी घेता येईल असं गृहीत धरता येत नाही, कारण एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सुट्टीआधी एक शैक्षणिक वर्षाइतकं शिक्षण झालेलं असावं लागतं.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम दाखवावी लागते. मग विद्यापीठ आय-२० देतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला. तो हातात आल्यावर क्रम असा: आय-२० वरचं नाव, जन्मतारीख, अभ्यासक्रम आणि सुरुवातीची तारीख तपासा. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीची, आय-९०१ फी भरा, ३५० डॉलर. व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरा. व्हिसा फी भरून बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन वेगळ्या भेटी ठरवा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या मुलांची मुलाखत बहुधा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. फी आणि नियम बदलत राहतात, भरायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजं पाहा. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, तेव्हा स्वस्त तिकिटाच्या मोहात जुलैचं विमान पकडू नका.

लसीचा कागद

यावर स्वतंत्र लिहायला हवं, कारण अडकतात ते इथेच. इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार विद्यार्थ्याला लसींचा पुरावा द्यावा लागतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांसाठी एमएमआरचे दोन डोस, पहिल्या वाढदिवसानंतर घेतलेले आणि दोहोंत किमान २८ दिवसांचं अंतर. घटसर्प-धनुर्वात यांचे तीन डोस, त्यांतला एक टीडॅप (डांग्या खोकल्यासह असलेली लस) आणि शेवटचा डोस दहा वर्षांच्या आतला. २२ वर्षांखालच्यांना मेनिंजायटिसची लस, वयाच्या सोळाव्या वर्षी किंवा नंतर घेतलेली.

आपल्या बाळपणीच्या पिवळ्या-गुलाबी कार्डावर गोवराची लस नवव्या महिन्यात दिलेली असते. ती या हिशेबात धरली जात नाही. कार्डावर दोन डोस दिसतात म्हणून निर्धास्त राहिलेल्याचा एक डोस त्यामुळे कमी पडतो आणि तो अमेरिकेत जाऊन महाग पडतो. निघायच्या किमान दोन महिने आधी फॅमिली डॉक्टरांकडे कार्ड घेऊन जा, लागणारे डोस घ्या आणि इंग्रजीत, दिवस-महिना-वर्ष स्पष्ट लिहून, सही-शिक्क्यानिशी दाखला घ्या. महिना शब्दांत लिहून घ्या, कारण अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, आणि ५ जुलैचा ७ मे होतो. कार्ड हरवलं असेल तर रक्त तपासून प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते. बीसीजी या यादीत नाही. पुरावा दिला नाही तर पुढच्या रजिस्ट्रेशनवर होल्ड, म्हणजे रोख, लागतो आणि हवे ते वर्ग भरून जातात.

खोली

पदवीच्या पहिल्या वर्षाला लिंकन पार्कमधलं वसतिगृह घ्यावं, महाग वाटलं तरी. पदव्युत्तरला बहुतेक जण बाहेर राहतात. लूपमध्ये दक्षिण स्टेट रस्त्यावर युनिव्हर्सिटी सेंटर हे अनेक कॉलेजांच्या विद्यार्थ्यांचं मोठं निवासस्थान आहे. वर्ग चालत अंतरावर, पण भाडं त्याच मानाने.

खोली शोधताना नकाशावर रेड लाइनची रेघ आखा आणि तिच्यापासून दहा मिनिटं चालण्याच्या आत शोधा. लिंकन पार्क स्वतः महाग आहे. उत्तरेकडे लेकव्ह्यू, अपटाउन, एजवॉटर, रॉजर्स पार्क असं जावं तसं भाडं साधारणपणे उतरतं आणि प्रवासाची मिनिटं वाढतात. उपनगरात नातेवाईक आहेत म्हणून तिथे राहायचा विचार पुष्कळ मराठी घरांत होतो. रात्री नऊला वर्ग सुटल्यावर मेट्रा रेल्वे, मग स्टेशनपासून गाडी, हे जानेवारीत रोज करणं फार अवघड आहे. पहिले दोन आठवडे त्यांच्याकडे राहा, मग शहरात या.

करार बहुधा बारा महिन्यांचा. अनामत रकमेऐवजी अनेक घरमालक मूव्ह-इन फी घेतात, ती परत मिळत नाही. कुठली घेताहेत ते आधी विचारा. अमेरिकेतली पतनोंद नसल्यामुळे जामीनदार किंवा काही महिन्यांचं आगाऊ भाडं मागतात. 'हीट, म्हणजे घर गरम ठेवण्याचा खर्च, भाड्यात धरलेली आहे का?' हा प्रश्न शिकागोत भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. जुन्या इमारतींत ती बहुधा धरलेली असते. नसेल तर हिवाळ्यातलं बिल हिशेबात घ्या. शहराच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घर दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस, आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट ठेवता येईल अशी व्यवस्था घरमालकाने केलीच पाहिजे. त्याखाली गेलं तर शहराच्या ३११ या फोन क्रमांकावर तक्रार करता येते. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय भारतातून पैसे पाठवू नका.

उतरल्यावरचे दहा दिवस

ओहेअर विमानतळाच्या पोटातूनच ब्लू लाइन निघते, पाऊण तासात जॅक्सनला आणते. तिथे भुयारी मार्गाने रेड लाइनच्या फलाटावर जाता येतं. दोन मोठ्या बॅगा असतील तर पहिल्या दिवशी टॅक्सी केलेली बरी.

इमिग्रेशनहून निघताना नोंद 'एफ-१' आणि 'डी/एस' (म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत मुक्कामाची मुभा) अशी आहे का ते तिथल्या तिथे पाहा. घरी पोचल्यावर आय-९४ ही प्रवेशाची नोंद संकेतस्थळावरून उतरवून घ्या. चुकून पर्यटक म्हणून नोंद झाली असेल तर ती जितकी लवकर सुधारता येईल तितकी सोपी. मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी लावा. ही हजेरी लागल्यावरच ते सेव्हिसमध्ये तुमची नोंद चालू करतात, त्यासाठी अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा. फी, रजिस्ट्रेशन आणि होल्ड कॅम्पस कनेक्टवर दिसतात, अभ्यास आणि गृहपाठ डीटूएल या दुसऱ्या संकेतस्थळावर. दोन्ही रोज उघडा, आणि विद्यापीठाची ईमेल मोबाइलवर घ्या. मुदतीच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाहीत.

कोर्स निवडताना

एफ-१ वर पदव्युत्तर विद्यार्थ्याने क्वार्टरला किमान ८ तास, पदवीच्या विद्यार्थ्याने १२ तास घ्यावेच लागतात. त्यात ऑनलाइन कोर्स फक्त एकच धरला जातो. डीपॉलमध्ये, विशेषतः सीडीएममध्ये, ऑनलाइन वर्ग भरपूर आहेत आणि प्रणाली तुम्हाला दोन्ही कोर्स ऑनलाइन घेऊ देते. रजिस्ट्रेशन झालं याचा अर्थ व्हिसाचा नियम पाळला गेला असा नाही. आठ तास घेणाऱ्याचे दोनपैकी किमान एक वर्ग प्रत्यक्ष हजेरीचा असलाच पाहिजे. वर्गाच्या नोंदीत खोली क्रमांक आहे की ऑनलाइन लिहिलंय, ते बघूनच निवडा. आणि कोर्स सोडून आठच्या खाली येणार असाल तर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी, मग सोडायचं बटण. क्रम उलटला तर व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो.

किती कोर्स घ्यावेत? समजा अभ्यासक्रम ५२ तासांचा आहे. आठ-आठने सात क्वार्टर लागतात, बारा-बाराने पाच. पहिल्या क्वार्टरला आठच घ्या. बारा घेऊन एक गचकला तर वाचवलेला वेळही जातो आणि पैसेही.

पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकागो क्वार्टर नावाची एक सुंदर गोष्ट आहे. डिस्कव्हर शिकागो किंवा एक्सप्लोर शिकागो यांपैकी एक कोर्स घ्यायचा आणि शहरालाच पाठ्यपुस्तक करून शिकायचं: वास्तू, संगीत, स्थलांतरितांच्या वस्त्या, राजकारण. डिस्कव्हर घेतला तर वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात रोज शहरात फिरवतात, म्हणून तिकीट तेवढं आधीचं हवं. नवख्या भारतीय मुलाने डिस्कव्हर घ्यावा. मित्रही मिळतात आणि रेल्वेही पाठ होते.

जेवण, माणसं, थंडी

किराण्यासाठी डेव्हन रस्ता. रेड लाइनने लोयोला स्टेशन, तिथून १५५ क्रमांकाची डेव्हन बस पश्चिमेला. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं. ज्वारीचं पीठ, पोहे, मटकी, कोकम सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरूनच आणा. महाराष्ट्र मंडळ शिकागो १९६९ पासून आहे. गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम अनेकदा उपनगरांत होतात, तेव्हा जायची-यायची सोय आधी जुळवून ठेवा. लूप कॅम्पसपासून दोन चौक पूर्वेला मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूट आहे. त्याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले. ऑटम क्वार्टर सुरू होतं त्याच सुमाराला ती तारीख येते, एका दुपारी जाऊन या.

जाड कोट भारतातून घेऊन येऊ नका. पुण्यात मिळणारा कोट मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याला पुरत नाही आणि बॅगेतली जागा खातो. ऑक्टोबरात इथेच घ्या, पाणी न शिरणाऱ्या बुटांसकट. भारतातून आतले थर्मल आणि लोकरी मोजे आणा. उघड्या फलाटांवर हिवाळ्यात बटण दाबलं की डोक्यावरचे हीटर लागतात.

डिसेंबर आणि उन्हाळा

ऑटम नोव्हेंबरात संपतं आणि विंटर जानेवारीत सुरू होतं, मध्ये जवळजवळ सहा आठवडे मोकळे. घरी जायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधीचं विमान पकडा. बाकीची विद्यापीठं सुटली की भाडी चढतात. आय-२० वर आंतरराष्ट्रीय कार्यालयाची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. राहणार असाल तर ठरलेल्या सुट्टीत कॅम्पसवरची नोकरी पूर्णवेळ करता येते. एरवी मर्यादा आठवड्याला २० तासांची.

उन्हाळ्याचा पेच वेगळा आहे. सेमिस्टरवाली विद्यापीठं मेमध्ये सुटतात, डीपॉल जूनमध्ये. अनेक कंपन्यांच्या इंटर्नशिप मेअखेरीस सुरू होतात. मुलाखतीतच सांगा की आमचं क्वार्टर जूनच्या मध्यापर्यंत आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे जूनमध्ये रुजू होणारी दुसरी तुकडी असते, पण ती मागावी लागते. सीपीटीची, म्हणजे शिक्षण चालू असताना अभ्यासाशी निगडित इंटर्नशिप करण्याची, परवानगी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष, म्हणजे तीन क्वार्टर, पूर्ण झाल्यावर मिळते. सप्टेंबरात आलेल्याचं गणित पुढच्या जूनला नेमकं जुळतं, जानेवारीत आलेल्याचं जुळत नाही. सप्टेंबर घ्या असं वर म्हटलं, त्याचं हे दुसरं कारण.

शेवटच्या क्वार्टरला ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज. शिक्षण संपण्याच्या तारखेआधी ९० दिवस ते नंतर ६० दिवस, एवढी खिडकी असते. विद्यापीठाने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ अर्ज सरकारकडे पोचला पाहिजे. नवा आय-२० घेऊन तो टेबलावर महिनाभर पडू दिला तर अर्ज नाकारला जातो. स्प्रिंगमध्ये पदवी घेणाऱ्याने मार्चमध्येच हे काम उरकावं, कारण स्प्रिंगचं क्वार्टर सुरू होतं तेव्हा ९० दिवसांची खिडकी उघडलेलीच असते.